अपत्यप्राप्ती आणि मनगटावरील तापमापी

ताप आला असता काखेत किंवा जिभेखाली ठेवावयाची काचेची नळी, अशीच तापमापीची ओळख आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होती. गेल्या दहा-बारा वर्षांत या उपकरणाने नवे रूप धारण केले आहे. आता ते मनगटी घड्याळात, बोटातील अंगठीत किंवा दंडाला बांधावयाच्या पट्ट्यात सामावते. झोपेत रात्रभर ते शरीराच्या उष्णतेची नोंद घेते आणि सकाळी त्या नोंदींचा आलेख मोबाइलच्या पडद्यावर मांडते. अपत्याची इच्छा असलेल्या दांपत्यांना स्त्रीच्या ऋतुचक्रातील अनुकूल दिवस ओळखता यावेत, या हेतूने यांपैकी काही साधने खास विकली जातात.

मूल न होणे ही आपल्या समाजात निव्वळ वैद्यकीय बाब राहत नाही. लग्नाला दोन वर्षे झाली की शेजारीपाजारी विचारणा सुरू होते. दोष बहुधा सुनेच्या माथी बसतो. नवससायास, अंगारेधुपारे, गावठी औषधे यांत महत्त्वाची वर्षे निघून जातात. क्वचित दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. अशा घरात एखादे यंत्र येते तेव्हा त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा केली जाते. म्हणून ते काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे लोकांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ऋतुचक्र आणि शरीराची उष्णता

ऋतुचक्राचा पाठ इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यातील मुख्य घटना म्हणजे अंडमोचन होय. डॉक्टरांच्या बोलण्यात यालाच ‘ओव्ह्युलेशन’ म्हणतात. पाळी सुरू झाल्यावर अंडाशयात एक पुटिका वाढू लागते. ती पक्व झाली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरक एकाएकी मोठ्या प्रमाणात रक्तात सोडले जाते. त्यानंतर साधारणपणे २४ ते ३६ तासांत पुटिका फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडून अंडनलिकेत येते. मागे राहिलेल्या पुटिकेचा पीतपिंड बनतो. तो प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक निर्माण करतो आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या स्वागतासाठी सिद्ध ठेवतो.

या प्रोजेस्टेरॉनचा आणखी एक परिणाम असतो. मेंदूत शरीराचे तापमान नियंत्रित करणारे जे केंद्र आहे, त्याची पातळी ते किंचित वर नेते. परिणामी अंडमोचनानंतर स्त्रीच्या शरीराचे विश्रांतीतील तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाइटच्या मापात अर्ध्या ते जवळजवळ एक अंशाने वाढते. ही वाढ पुढील पाळी येईपर्यंत टिकून राहते. गर्भ न राहिल्यास पीतपिंड कोमेजतो, प्रोजेस्टेरॉन घटते, तापमान खाली येते आणि पाळी सुरू होते. गर्भ राहिल्यास तापमान वरच राहते. म्हणून ही वाढ सलग १८ दिवस टिकली, तर गर्भधारणेची तपासणी करून पाहावी असे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी. तापमान वाढते ते प्रोजेस्टेरॉनमुळे, आणि प्रोजेस्टेरॉन वाढते ते अंडमोचनानंतर. म्हणजेच तापमानाची वाढ ही होऊन गेलेल्या घटनेची वर्दी होय. गाडी फलाटावरून सुटल्यावर वाजणारी ही घंटा आहे. या एका गोष्टीवर अशा साधनाचा खरा उपयोग आणि त्याची मर्यादा, दोन्ही अवलंबून आहेत.

दीडशे वर्षांची निरीक्षणे

हे ज्ञान नवीन नाही. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली एक पुस्तक लिहून, मुलींना मुलांप्रमाणे उच्च शिक्षण दिल्यास त्यांच्या प्रकृतीची हानी होते, असे प्रतिपादन केले होते. पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांतीची आवश्यकता असते काय, या प्रश्नावर डॉ. मेरी पटनम जेकोबी या स्त्रीवैद्यांनी निबंध लिहिला आणि त्यास १८७६ साली हार्वर्ड विद्यापीठाचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. नुसती मते न मांडता त्यांनी स्त्रियांचे तापमान, नाडी व शक्ती यांची मोजमापे दिली होती. पाळीपूर्वीच्या दिवसांत तापमान किंचित चढलेले असते, हे त्यांच्या नोंदींत दिसून आले. स्त्रियांना शिक्षण झेपणार नाही या समजुतीला उत्तर देण्यासाठी केलेल्या मोजमापांतून या विषयाचा प्रारंभ झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नेदरलँड्समधील स्त्रीरोगतज्ज्ञ थिओडोर व्हान डे व्हेल्डे यांनी ऋतुचक्रातील तापमानाच्या दोन पातळ्यांचे वर्णन केले. जपानमधील क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२० नंतरच्या दशकात, अंडमोचन हे पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते, असे स्वतंत्रपणे दाखवून दिले. १९३४ साली प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि तापमानवाढीमागील कारणाचा उलगडा होण्याचा मार्ग मोकळा झाला.

भारतातही अनुकूल दिवस मोजण्याचा एक प्रयोग झाला होता, तो मात्र संततिनियमनासाठी. १९५१-५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने डॉ. अब्राहम स्टोन हे भारतात आले आणि त्यावेळच्या म्हैसूर राज्यातील रामनगरम व दिल्लीतील लोदी कॉलनी येथे प्रायोगिक केंद्रे सुरू झाली. दिवस मोजणे सोपे जावे म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवावयाचा आणि रंग पाहून दिवस ओळखावयाचा, अशी ही योजना होती. अशा गणनेतील उणीव सहज ध्यानात येते. माळेतील मणी ठरलेले असतात. स्त्रीचे ऋतुचक्र मात्र दर महिन्यास ठरल्याप्रमाणे चालतेच असे नाही.

सहा दिवसांचा काळ

‘पाळीनंतरचा चौदावा दिवस’ हा समज अजूनही फार रूढ आहे. पाळी बरोबर २८ दिवसांनी येत असेल तरच हा हिशेब साधारणपणे जमतो. अंडमोचनापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ बऱ्याच अंशी स्थिर, सुमारे १४ दिवसांचा असतो. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून ज्या स्त्रीची पाळी ३५ दिवसांनी येते, तिचे अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास होईल. चौदाव्या दिवसावर भिस्त ठेवणाऱ्या अशा दांपत्याचा प्रत्येक महिना वाया जाण्याची शक्यता असते.

स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्रपेशी मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. या दोन गोष्टींची बेरीज म्हणजे गर्भधारणेस अनुकूल काळ होय. १९९५ साली अमेरिकेतील विल्कॉक्स, वाइनबर्ग व बेअर्ड या संशोधकांनी २२१ स्त्रियांच्या निरीक्षणांवरून हा काळ सहा दिवसांचा असल्याचे प्रसिद्ध केले: अंडमोचनापूर्वीचे पाच दिवस आणि प्रत्यक्ष अंडमोचनाचा दिवस. पाच दिवस आधी संबंध आल्यास गर्भधारणेची शक्यता शेकडा १०, तर अंडमोचनाच्या दिवशी शेकडा ३३ असल्याचे त्यांना आढळले. त्या अभ्यासातील साऱ्या गर्भधारणा या सहा दिवसांतील संबंधांशी जोडता आल्या.

आता तापमानाच्या वाढीशी याचा मेळ घालून पाहावा. आलेखात वाढ दिसू लागते तेव्हा हे सहाही दिवस संपलेले असतात. सकाळी तापमान चढलेले पाहून ‘आज अनुकूल दिवस आहे’ असे समजणारे दांपत्य दर महिन्यास उशिरा पोहोचते. वाढ निश्चित मानण्यासाठी तर आधीच्या सहा दिवसांपेक्षा नंतरचे सलग तीन दिवस तापमान चढे असावे लागते.

मग या नोंदींचा उपयोग काय? तो दुहेरी आहे. एक म्हणजे, दोन-तीन महिन्यांचे आलेख शेजारी ठेवले असता त्या स्त्रीच्या शरीराची स्वतःची लय दिसू लागते आणि पुढील महिन्यातील अनुकूल काळाचा अंदाज बांधता येतो. दुसरे म्हणजे, आलेखात दोन पातळ्या मुळीच दिसत नसतील, तर अंडमोचन होत नसण्याची शक्यता ध्यानात येते आणि डॉक्टरांकडे जाण्यास सबळ कारण मिळते.

साधन कार्य कसे करते?

पूर्वीच्या पद्धतीत स्त्रीने पहाटे जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी व काही बोलण्या-खाण्यापूर्वी, तापमापी जिभेखाली ठेवावयाची आणि आकडा कागदावर टिपावयाचा, असा नियम होता. किमान तीन तासांची सलग झोप झालेली असावी आणि रोजची वेळ एकच असावी, असेही बंधन असे. पहाटे उठून पाणी भरणे, चूल पेटविणे, धारा काढणे, मुलांना उठविणे अशा कामांना जुंपली जाणारी स्त्री महिनोन्‌महिने हा नियम पाळू शकेल, अशी अपेक्षा बाळगणे कठीणच. अंगावर बांधावयाच्या साधनाने ही अडचण दूर केली, हा त्याचा मोठा गुण होय.

या साधनात थर्मिस्टर नावाचा एक लहानसा घटक असतो. विशिष्ट धातूंच्या ऑक्साइडांपासून तो बनविलेला असतो. त्याची उष्णता वाढली की विजेच्या प्रवाहास होणारा त्याचा विरोध कमी होतो. हा विरोध मोजून साधन तापमान ठरविते आणि बिनतारी पद्धतीने मोबाइलकडे पाठविते. २०२२ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या घड्याळात असे दोन संवेदक बसविले. एक त्वचेला लागून आणि दुसरा पडद्याखाली असल्यामुळे भोवतालच्या हवेचा परिणाम काही अंशी वजा करता येतो. झोपेत दर पाच सेकंदांनी नोंद घेतली जाते. मात्र त्या कंपनीनेही हा अंदाज ‘मागे पाहून’ केलेला असतो, असेच स्पष्ट म्हटले आहे. अंडमोचन होऊन गेल्यावर ते बहुधा कधी झाले असावे, एवढेच घड्याळ सांगते.

काही साधने तापमानाबरोबर नाडीचे ठोके व श्वसनाची गतीही टिपतात आणि मागील महिन्यांच्या नोंदींशी ताडून पुढील अनुकूल दिवस वर्तवितात. हा गतकाळावरून बांधलेला अंदाज आहे, हे विसरू नये. पाळी नियमित असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो बरा जमतो. जिची पाळी कधी ३० तर कधी ५० दिवसांनी येते, तिला या अंदाजाची गरज सर्वांत अधिक असते. आणि नेमका तिच्याच बाबतीत तो चुकण्याचा संभव अधिक असतो.

त्वचेचे तापमान आणि शरीराचे तापमान

जिभेखालची तापमापी शरीराच्या आतील तापमानाच्या जवळ जाते. घड्याळ व अंगठी त्वचेचे तापमान मोजतात. ही दोन भिन्न मापे आहेत. झोप लागली की शरीराच्या आतील उष्णता कमी होऊ लागते, तर हातापायांच्या त्वचेकडे रक्त अधिक वाहिल्याने तेथील तापमान वाढते. शिवाय पांघरूण, पंखा, खोलीतील हवा यांचा परिणाम त्वचेवर लगेच होतो. अंडमोचनामुळे होणारी वाढ जेमतेम अर्ध्या अंशाच्या आतबाहेर असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दिवसाचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. रात्री कूलर सुरू असताना वीज गेली, तर त्वचेच्या तापमानात त्याहून मोठा चढउतार सहज होतो. ताप, सर्दी, मद्यपान, रात्रपाळी, अपुरी झोप, उशाशी दुसऱ्याचे अंग लागणे, या सर्वांनी आलेख बिघडतो. म्हणून एका रात्रीच्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. साधने मूळ आकड्याऐवजी त्या व्यक्तीच्या नेहमीच्या पातळीपासूनचा फरक दाखवितात, ते याच कारणाने. ही पातळी समजण्यास साधारणपणे दोन ऋतुचक्रे जावी लागतात.

संशोधनाचे निष्कर्षही समतोल दृष्टीने पाहिले पाहिजेत. स्वित्झर्लंडमध्ये मनगटी साधनाचा वापर करून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३६ स्त्रियांच्या ४३७ ऋतुचक्रांपैकी शेकडा ८२ चक्रांत तापमानाची टिकून राहिलेली वाढ आढळली. याचाच अर्थ, जवळजवळ पाचांपैकी एका चक्रात ती स्पष्ट दिसली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ५७ स्त्रियांच्या नोंदींवरून मनगटी साधन आणि जिभेखालची तापमापी यांची तुलना करण्यात आली. अंडमोचन टिपण्यात मनगटी साधन अधिक तरल ठरले. पण अंडमोचन नसताना ते झाल्याची हूल देण्याचे त्याचे प्रमाणही अधिक होते. साधन उपयुक्त आहे. अचूक मात्र नाही, असा याचा सारांश निघतो.

खर्चाविना मिळणारा संकेत

तापमान मागाहून सांगते, तर आधी सांगणारे काही आहे काय? आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. अंडमोचन जवळ येताना योनिमार्गातील स्राव वाढतो व तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा व तार धरणारा होतो. ऑस्ट्रेलियातील जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने या लक्षणाचा पद्धतशीर अभ्यास करून त्याचा प्रसार केला. हा स्राव दिसू लागणे म्हणजे अनुकूल काळ सुरू झाला असे समजावे. पीतपिंडकारी संप्रेरकाची एकाएकी झालेली वाढ लघवीच्या तपासणीतून दाखविणाऱ्या पट्ट्याही औषधांच्या दुकानांत मिळतात. त्या सुमारे एक दिवस आधी सूचना देतात. स्राव व पट्टी यांनी आधी कळावे आणि तापमानाने त्याला मागाहून पुष्टी द्यावी, अशी ही सांगड आहे.

बहुसंख्य दांपत्यांना तर या कशाचीच आवश्यकता नसते. पाळी संपल्यानंतरच्या काळात दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर अनुकूल काळ हुकत नाही. अशा रीतीने एका वर्षात शेकडा ८० हून अधिक दांपत्यांना गर्भधारणा होते. दिवसांची मोजणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती पतिपत्नींचा सहवास मोजक्याच दिवसांचा असतो तेथे. पती मुंबईत नोकरीला आणि पत्नी कोकणातील गावी, अशी कुटुंबे आपल्याकडे पूर्वापार आहेत. पती सैन्यात, जहाजावर किंवा आखाती देशांत असेल, तर वर्षाकाठी एखादीच रजा मिळते. अशांना स्वतःच्या ऋतुचक्राची लय ठाऊक असणे लाभाचे ठरते. मात्र अपत्यासाठी घेतलेल्या साधनाच्या आधारे ‘सुरक्षित दिवस’ ठरवून गर्भ टाळण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यासाठी शासकीय आरोग्य केंद्रांत अन्य खात्रीची साधने मिळतात.

यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी

आलेखात सुरेख दोन पातळ्या दिसतात, अनुकूल दिवसही पाळले जातात, तरीही मूल होत नाही, असे घडते. अशा वेळी यंत्राकडे पाहत राहण्यात अर्थ नसतो. अंडनलिका बंद असतील तर तापमानाला त्याचा पत्ता लागत नाही. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. पुष्कळदा खोकला वा ताप नसतानाही तो आत ठाण मांडून असतो. गर्भाशयातील दोष, कंठस्थ ग्रंथीचे विकार यांचे निदानही घड्याळ करीत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हे यंत्र स्त्रीच्याच हातावर बांधलेले असते. मूल न होणाऱ्या दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हे एकमेव कारण किंवा कारणांपैकी एक असते. वीर्यतपासणी ही साधी, अल्प खर्चाची व वेदनारहित तपासणी आहे. तरीही पत्नीच्या सोनोग्राफीवर, औषधांवर आणि आता यंत्रावर पैसा खर्च होत राहतो, आणि पतीची ही एक तपासणी वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. दर महिन्यास पत्नीच्या आलेखाची चिकित्सा करणाऱ्या घराने पतीचा अहवाल पाहिलेला नसेल, तर ते यंत्र विज्ञानाच्या नावाने जुनाच दोषारोप चालू ठेवते. यंत्र विकत घेण्यापूर्वी वीर्यतपासणी करून घ्यावी, हा सल्ला म्हणूनच सर्वांत व्यवहार्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे सहांपैकी एका व्यक्तीस आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. नियमित सहवास असूनही १२ महिन्यांत गर्भ न राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. पाळी फारच अनियमित असल्यास किंवा पूर्वी क्षयरोग झाला असल्यास आणखी लवकर जावे. महाराष्ट्रात या उपचारांची परंपरा जुनी आहे. शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले भारतातील पहिले नलिकाशिशू ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मास आले. आता अशी सेवा देणाऱ्या केंद्रांना २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियमान्वये नोंदणी करणे बंधनकारक आहे. मोठा खर्च करण्यापूर्वी केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह दांपत्यांनी धरावा.

नोंदींची गोपनीयता

तापमानाचा आलेख कागदावर होता तेव्हा तो उशीखाली राहत असे. मोबाइलमधील नोंदी कंपनीच्या संगणकापर्यंत जातात. २०२१ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने, पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका लोकप्रिय अ‍ॅपवर, स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती अन्य कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली होती. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. कायद्याचे संरक्षण असले तरी स्वतःची सावधगिरी आवश्यकच होय. अ‍ॅप कोणती माहिती मागते, ती पुसून टाकता येते काय, हे आधी पाहावे. पाळीच्या नोंदी ही त्या स्त्रीची खाजगी बाब आहे. तिच्या संमतीविना सासरच्या अन्य मंडळींनी त्या पाहणे किंवा त्यांची चर्चा करणे उचित नाही.

गावपातळीवर करण्यासारखे

हे साधन गावोगाव पोहोचावे असे सुचविण्याचा येथे उद्देश नाही. महागड्या घड्याळाच्या वा अंगठीच्या किंमतीत शेतमजुराची काही महिन्यांची मजुरी जाते. पोहोचावयास हवे ते त्यामागील ज्ञान. अनुकूल काळ अंडमोचनापूर्वी असतो, तो प्रत्येकीचा वेगळा असतो आणि तपासणी दोघांची व्हावी, ही तीन वाक्ये कोणत्याही यंत्राविना घरोघरी जाऊ शकतात.

शिक्षकांनी ऋतुचक्राचा पाठ न वगळता, मुलामुलींना एकत्र बसवून, संकोच न बाळगता शिकवावा. ग्रामसभेत व महिलासभेत आरोग्याच्या विषयांबरोबर वंध्यत्वाचाही उल्लेख व्हावा आणि त्यावेळी पुरुषांची उपस्थिती असावी. गर्भधारणेची तपासणी करण्याचे संच आशा कार्यकर्तीकडे असतात. तिच्याशी बोलावयास स्त्रियांना मोकळीक वाटेल, असे वातावरण असावे. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे काही जन्मजात दोष टळतात. मिश्री व तंबाखू सोडणे पतिपत्नी दोघांच्याही हिताचे आहे. महिन्याच्या आलेखाइतकेच या साध्या गोष्टींकडे लक्ष दिले पाहिजे.

या विषयांवर मराठीत उघडपणे व शास्त्रशुद्ध बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून घालून दिली, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. आज तशी परिस्थिती नाही. माहिती हाताशी आहे, तपासण्या उपलब्ध आहेत. मूल न होणाऱ्या घरी पहिला प्रश्न ‘दोघांची तपासणी झाली काय?’ हा विचारला जावा. तो विचारण्याचे काम गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे, त्यांनीच अंगावर घेतले पाहिजे.